चार नंबरच्या खाटेवरचे साहेब

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आडवे पडलेले. चार नंबरच्या खाटेवर, चादर गळ्यापर्यंत ओढलेली, बूट खाटेखाली नीट जोडीनं ठेवलेले आणि डोळे छताला. सकाळी आठला मी ड्यूटीवर आले तेव्हा ती खाट रिकामी असायला हवी होती. म्हटलं, आदल्या पाळीत कुणी अ‍ॅडमिट झालं असेल. मी डोक्याशी जाऊन रोजच्यासारखं विचारलं, "भाऊ, भांडं देऊ का?"

"नको," ते म्हणाले. "पण तुम्ही आलात ते मला कळलंच नाही. एकदम डोक्यामागून आवाज आला. मी दचकलो. का बरं?"

"दार तुमच्या डोक्यामागं आहे म्हणून."

"ते आहेच. पण खाट अशी का बरं ठेवली?"

आता याला काय उत्तर देणार? खाट आहे, ठेवली आहे. आम्ही आलो तेव्हापासून तशीच होती. मी म्हटलं, "तुम्हाला होतंय काय?"

"मला काही होत नाही," ते म्हणाले आणि पुन्हा छताकडे बघायला लागले. "तीन पोपडे आहेत. मधला आता पडेल, आता पडेल असं वाटत राहतं. तासाभरापासून मी दुसरं काही बघू शकलेलो नाही."

मी सरळ मोठ्या सिस्टरांकडे गेले आणि सांगितलं, चार नंबरवर डोक्याचा पेशंट आलाय, केसपेपर नाही. सिस्टर साताऱ्याकडच्या, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "अगं, ते साहेब आहेत. नव्या दवाखान्याचा नकाशा करायला आलेत. पडू दे त्यांना."

वर्ष विचाराल तर नेमकं सांगता येणार नाही. वाशीत तेव्हा नव्या इमारती मोजक्या, मधे मोकळी माती, आणि वारा सुटला की खाडीचा वास थेट वॉर्डात. आमचा दवाखाना म्हणजे चार क्वार्टर्सच्या मधल्या भिंती पाडून केलेला तात्पुरता कारभार. स्वयंपाकघरात औषधं, हॉलमध्ये खाटा, न्हाणीत कपडे. कारखान्यांचे कामगार यायचे, घणसोली-कोपरखैरण्याच्या गावांतली माणसं यायची, मुंबईहून नव्यानं राहायला आलेली नोकरदार मंडळी यायची. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर खरा दवाखाना होणार असं आम्ही इतके दिवस ऐकत होतो की त्यावर विश्वास ठेवणं सोडून दिलं होतं.

मी तिथं बदली आया होते. बदली म्हणजे कायम नाही. दर तीन महिन्यांनी ऑर्डर निघायची, तिच्यावर सिस्टरांची सही लागायची. नवरा रबाळ्याला कंपनीत. आम्ही रत्नागिरीकडून आलेले, घणसोली गावात एका खोलीत भाड्यानं राहायचो. घरमालकीण अनुसया, तीसुद्धा माझ्यासारखीच आया, पण कायम झालेली. सकाळी दोघी बरोबर निघायचो. ती वाटेत सगळ्या जगाचा हिशेब लावायची. साहेबांचा तिनं पहिल्याच दिवशी लावला. "तो मानूस येरा हाय गो. बऱ्या मानसाला कोन खाटेवर झोपतं?"

वेडे नव्हते. पण वागणं असं, की सांगितलं तर खरं वाटू नये. दोन्ही कानांवर दोन पेन्सिली, एक लाल, एक निळी. हातात काळी छत्री, ऊन असो नसो. त्या छत्रीच्या दांड्यावर त्यांनी पांढऱ्या रंगानं फूट आणि इंच आखलेले. बोलता बोलता छत्री टेबलाला लावायचे, खिडकीला लावायचे. एकदा सिस्टर उभ्या राहून लिहीत होत्या तर त्यांच्या कोपराला लावली. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, मी काय खांब आहे?" हे आपले गंभीर. "टेबल तुमच्यापेक्षा सहा इंचांनी बुटकं आहे. पाठ दुखते ना?" सिस्टरांची पाठ चार वर्षं दुखत होती. दुसऱ्या दिवशी टेबलाखाली चार विटा आल्या होत्या.

आणि सारखं "का बरं". औषधं खिडकीतूनच का बरं देता? नातेवाईक व्हरांड्यात उभेच का बरं राहतात, बसत का बरं नाहीत? अनुसया एकदा चिडून म्हणाली, "तुमी सायेब का बरं हाव?" त्यावर त्यांनी खरंच विचार केला. म्हणाले, "ते मलाही नीट कळलेलं नाही."

ओपीडीच्या बाकावर ते केसपेपर घेऊन रांगेत बसायचे. नंबर आला की उठून पुन्हा शेवटी जायचे. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "बाबा, घाबरतोस कशाला, सुई टोचत नाहीत सगळ्यांना." तिचं बोलणं त्यांनी वहीत लिहून घेतलं. एकदा मला म्हणाले, "मला ट्रॉलीवरून न्या." आडवे पडले, मी ढकलली. व्हरांड्यातून आत येताना उंबरठा लागला तसे "आई गं" म्हणाले. मागं न्यायला लावली, पुन्हा उंबरठा, पुन्हा "आई गं". तीन वेळा. मग उठून बसले आणि म्हणाले, "माझं काही मोडलेलं नाही तरी ओरडलो. ज्याचं मोडलंय त्याचं काय?" मी त्या उंबरठ्यावरून किती माणसं नेली होती. ती ओरडायची तेव्हा मी म्हणायचे, जरा सोसा, पोचलोच. उंबरठ्याकडे मी कधी पाहिलं नव्हतं, माणसाकडेच पाहायचे.

पण माझं मन त्यांच्याकडे वळलं ते एका कामगारामुळे. रबाळ्याच्या कारखान्यातला, दोन्ही हात भाजलेले. त्याला चार नंबरच मिळाली. झोपेना. डॉक्टर गोळी देत होते, तरी झोपेना, बारीकशा आवाजानं अंग आक्रसायचं आणि हात खाटेला घासून पुन्हा रक्त. साहेब त्याच्याशेजारी स्टुलावर बसले.

"काय दिसतं?"

"काय न्हाय."

"काय दिसायला हवं?"

त्यानं मान मागं दाराकडे वळवून पाहिली. मग म्हणाला, "कोन येतंय ते दिसाया पायजे. मागनं आवाज आला की वाटतं, परत भडका उडाला."

साहेब उठले, मला म्हणाले, "बाई, त्या बाजूनं धरा." आम्ही दोघांनी खाट उचलून फिरवली. पाय भिंतीकडे होते ते दाराकडे केले. बस, एवढंच. त्या दुपारी तो माणूस घोरत होता. सिस्टर येऊन बघून गेल्या, डॉक्टर येऊन बघून गेले. साहेब मात्र घोरणं ऐकत बसले होते, जसं कुणी गाणं ऐकतं तसं.

त्यानंतर त्यांनी मला विचारलं, "लिहिता येतं ना?" चौथीपर्यंत शिकलेली मी. पुढचं सगळं भजी बांधून आलेल्या कागदांवरून आणि मुलाच्या पुस्तकांवरून. मी म्हटलं, "येतं, पण अक्षर बरं नाही." म्हणाले, "अक्षर मला लागत नाही, आकडे लागतात." आणि एक कोरी वही माझ्या हातात दिली.

त्यांचं म्हणणं असं, की नकाशा कागदावर नंतर काढायचा, आधी पायांनी काढायचा. कोण कुठून कुठं किती वेळा जातं ते कळलं की खोल्या आपोआप आपल्या जागी जाऊन बसतात. त्यासाठी त्यांनी घणसोलीतून पिशवीभर चिंचोके आणले आणि पाच रिकामे डबे. एक औषधांच्या खोलीशी टांगला, एक सिस्टरांच्या टेबलाशी, एक कपड्यांच्या कपाटाशी, एक पाण्याच्या माठाशी आणि एक मागच्या मोरीशी, जिथं आम्ही बेडपॅन धुवायचो. आयांनी अ‍ॅप्रनच्या खिशात चिंचोके ठेवायचे, ज्या जागी जाऊ तिथल्या डब्यात एक टाकायचा. पाळी संपली की मी डबे मोजून वहीत लिहायचं. दीड महिना.

सांगून ते ओपीडीकडे गेले आणि सिस्टरांनी आम्हाला बोलावलं. दार लोटून घेतलं. "हे बघा गं. माझी एवढी नोकरी झाली. मोजायला आलेला माणूस शेवटी कमीच करतो. सहा आया आहेत, चार पुरतील असं त्याच्या आकड्यांत निघालं तर पहिली कोण जाईल?" आणि माझ्याकडे बघितलं. दुष्टपणे नाही, काळजीनंच. बदली मी एकटीच होते.

मग काय. औषधांच्या डब्यात एका खेपेला दोन चिंचोके पडायला लागले, कधी तीन. सिस्टरांच्या टेबलाशी तसंच. औषधांच्या खोलीत जाणं म्हणजे मानाचं काम, ट्रे हातात, सिस्टर बरोबर. आणि मोरीच्या डब्यात? तिथं उलटं. अनुसया म्हणाली, "भांडं दोन हातान धरायचं आसतं. चिंचोका कनच्या हातान टाकू?" ते खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. परत येताना हात रिकामे असायचे की. त्यातली खरी गोष्ट अशी, की दिवसात किती वेळा कुणाची घाण उचलली हे वहीत लिहून एका साहेबाला दाखवायचं आम्हाला नको वाटायचं. माझ्या आईला गावात तेवढ्याच कामासाठी हाक मारायचे. मी शहरात आले, पांढरा अ‍ॅप्रन घातला. माझ्या हातानं माझ्याच वहीत तो आकडा मोठा कशाला लिहू? संध्याकाळी मोरीच्या डब्यात आठ-दहा चिंचोके निघायचे. मी आठ लिहायचे. आम्ही खेपा किती घालायचो ते आमच्या खांद्यांना ठाऊक.

साहेब रोज वही बघायचे. एकदा म्हणाले, "मोरीकडे एवढं कमी जाणं का बरं?" मी म्हटलं, "पेशंटच कमी जेवतात." ते हसले नाहीत. लिहून घेतलं. माझा शब्द त्यांनी लिहून घेतला याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवशीही मी आठच लिहिले.

दीड महिन्यानं एका शुक्रवारी त्यांनी व्हरांड्यातल्या भिंतीवर मोठा कागद लावला. नवा दवाखाना. आम्हाला सगळ्यांना बोलावलं, झाडूवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत. खाटा सगळ्या दार दिसेल अशा. उंबरठा कुठंच नाही. नातेवाइकांना बसायला खिडकीखाली कट्टे. आणि वॉर्डाच्या मधोमध औषधांची खोली, तिला लागून सिस्टरांचं टेबल.

"हे मी काढलेलं नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, लग्नात नवरीचा बाप असतो तसा. "हे तुमच्या पायांनी काढलंय. मी फक्त शाई लावली. सोमवारी मोठ्या ऑफिसात जाईल."

मी कागदावर मोरी शोधत होते. भांडी धुवायची खोली. दिसेना. मग सापडली. पार टोकाला, लांब बोळाच्या शेवटी, जिना ओलांडून, जेवणाच्या खोलीवरून पुढे. अर्थात. तिकडे कुणी जातच नव्हतं ना.

अनुसयानं माझा हात दाबला. तिलाही दिसलं होतं. सिस्टरांनाही दिसलं असणार, कारण त्यांनी नजर खाली घातली. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

घरी जाताना अनुसया म्हणाली, "बोलू नको. आता बोललीस तर म्हनतील, सगल्या खोट्या. तुजी ऑर्डर हाय या महिन्यात."

"आणि इमारत? ती तर आपण मेल्यावरही राहणार. तुझी सून आया झाली तर ती पण त्या बोळातून भांडं नेणार, जेवणाऱ्या माणसांपुढून."

"माजी सून आया कनाला व्हईल?" अनुसया म्हणाली. मग वेशीपर्यंत माझ्या दोन पावलं पुढे चालली.

शनिवारी सकाळी ते नेमके चार नंबरवर पडले होते. खाट रिकामी असली की ते तिथंच सापडायचे. खाट आता फिरलेली, मी दारातूनच त्यांना दिसले. आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. दोन-दोन चिंचोके, मोरीचा रिकामा डबा, पेशंट कमी जेवतात म्हटलेलं. फक्त सिस्टरांचं बोलणं सांगितलं नाही.

ते उठून बसले. दोन्ही पेन्सिली कानावरून काढून हातात घेतल्या. मला वाटलं, आता ओरडतील. दीड महिना गेला होता त्यांचा.

"भीती कशाची वाटली?" त्यांनी विचारलं.

"तुमची. मोजायला आलात म्हणून."

"आणि मोरीचं? तिथं तर जास्त टाकायचे, तुमचं काम जास्त दिसलं असतं."

मी अ‍ॅप्रनला हात पुसले. ते माझ्याकडे बघत राहिले. माझा चेहरा त्यांनी कसा वाचला कोण जाणे, पण त्या दिवशी त्यांनी "का बरं" विचारलं नाही. वहीत काहीतरी लिहिलं, बूट घातले, आणि म्हणाले, "एक भांडं द्या."

दवाखान्याच्या बाजूचा प्लॉट मोकळाच होता. त्यांनी चुन्याच्या फक्कीची पिशवी आणून जमिनीवर नकाशातला वॉर्ड आखला, छत्रीनं मोजून. खाटा, बोळ, जिना, जेवणाची खोली, आणि टोकाला भांड्यांची खोली. मग बेडपॅनमध्ये काठोकाठ पाणी भरलं आणि शेवटच्या खाटेपासून चालायला लागले.

बघायला सगळा दवाखाना व्हरांड्यात. पेशंट, त्यांची माणसं, डॉक्टरसुद्धा. इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट, हातात भांडं. चार पावलांवर पाणी हिंदकळलं, बुटावर पडलं. ते थांबले, तिथं बुटानं खूण केली, पुढे निघाले. कुणीतरी हसलं. सिस्टर पायऱ्या उतरून आल्या.

"साहेब, ते खाली ठेवा. शोभत नाही."

"कुणाला?"

"तुम्हाला."

"मग यांना कसं शोभतं?"

साहेब पुन्हा निघाले, पुन्हा सांडलं. बोळ अजून अर्धाही झाला नव्हता आणि पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. तेव्हा सिस्टर त्यांच्या बाजूनं चालायला लागल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हात लांब धरू नका. पोटाशी धरा. आणि भांड्यात बघू नका, पुढे बघा. बघितलं की सांडतं."

आम्ही आयांनी एकमेकींकडे पाहिलं. शिकत असताना त्यांनीही हे काम केलं असणारच, पण आम्हाला ते कधी सुचलंच नव्हतं. सिस्टर बोळाच्या शेवटापर्यंत त्यांच्याबरोबर चालल्या. मग त्यांच्या हातातून भांडं घेतलं, उरलेलं पाणी मातीत ओतलं आणि म्हणाल्या, "मोजणाऱ्याला घाबरा असं या पोरींना मी सांगितलं होतं. लिहायचं तर माझं नाव लिहा."

त्यांनी कुणाचंच लिहिलं नाही. तो कागद त्या दुपारी भिंतीवरून उतरला. सोमवारी मोठ्या ऑफिसात नकाशा गेला नाही, पत्र गेलं. त्याची नक्कल दवाखान्यात आली, ती सिस्टरांनी आम्हाला वाचून दाखवली. मला जेवढं आठवतं तेवढं असं, की मोजणी चुकली आहे, मोजणाऱ्यांना कशाची भीती आणि कशाची लाज वाटते हे मी आधी विचारलं नाही, चूक माझी आहे, पुन्हा मोजावं लागेल. सिस्टरांचा खणखणीत आवाज "लाज" या शब्दापाशी जरा अडला. त्याच टेबलावर माझी ऑर्डर होती. मान वर न करता त्यांनी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

पुन्हा मोजलं. या खेपेला सिस्टरांनीही अ‍ॅप्रनला खिसा शिवून घेतला. मोरीशी डबा उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर आला. मोरीचा डबा दुपारीच भरायचा, दुसरा लावायला लागायचा. वहीत मी पहिल्या दिवशी तो आकडा लिहायला घेतला तेव्हा हात थोडा थांबला. मग लिहिला. ठळक लिहिला.

नकाशा बदलला, पण वेळ फार गेला होता आणि मोठ्या ऑफिसला ते खपलं नाही. चिंचोक्यांवर दवाखाने बांधायचे का, असं कुणी म्हणाल्याचं कानावर आलं. साहेबांना रस्त्यांच्या कामावर पाठवलं, नावडे गावाच्या पलीकडे कुठंतरी. जाताना निरोप वगैरे काही नाही. छत्री घेतली, खाटांकडे एकदा पाहिलं, आणि दारातून मला म्हणाले, "बाई, रस्त्यावर चालणाऱ्यांना कुणी विचारत असेल का?" पुढे ते कधी भेटले नाहीत. त्यांच्या रस्त्यांवरून मी गेले असेन, पण कुठले ते ओळखायची सोय नाही.

इमारत उभी राहायला बरीच वर्षं गेली. त्यांच्या नकाशातलं पुष्कळ गळालं. कट्टे गेले, खिडक्या लहान झाल्या, चार खाटांचं तोंड पुन्हा भिंतीकडे झालं. ती आम्ही आमच्या हातांनी फिरवली. भांड्यांची खोली मात्र राहिली, का राहिली कोण जाणे, बहुधा नळ तिथूनच टाकून झाले होते म्हणून. वॉर्डाच्या मधोमध, तिला वर झरोका, दोन्ही बाजूंनी दार, आणि कुठल्याही खाटेपासून पंधरा पावलांच्या आत. तोवर मी कायम झाले होते.

नव्या वॉर्डाच्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातून एक तरुण डॉक्टर आले होते. राऊंड घेताना त्या खोलीपाशी थांबले. नाक मुरडून म्हणाले, "ही मोरी इथं मधोमध? कुणी काढला हा नकाशा?"

सिस्टर उत्तर द्यायला तोंड उघडत होत्या. मी हातात भांडं घेऊन जात होते, पोटाशी धरलेलं, नजर पुढे.

"मी," म्हटलं, आणि आत गेले.